पुरात बुडालेली गाडी दुरुस्त करायची का सोडून द्यायची, हे कसं ठरवायचं

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. गाडी पाण्यात होती ना, मग इग्निशनला चावी लावू नका. सेल्फ तर नाहीच नाही, पण नुसती काच खाली घ्यायला म्हणून इग्निशन ऑन करणं, लाइट लागतात का बघणं, रिमोटनं लॉक उघडणं, यातलं काहीच नको. दार चावीनं हातानं उघडा, बोनेट उघडा आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल, म्हणजे काळ्या वायरचं, ते सोडवून बाजूला करा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. पुश बटनवाली गाडी असेल तर दार उघडून झाल्यावर चावी घरात ठेवून या, खिशात सुद्धा नको.

एवढं का सांगतोय तर पुरानं गाडी जेवढी खराब होते त्यापेक्षा जास्त ती पूर ओसरल्यावरच्या पहिल्या तासात खराब केली जाते. शेजारचा कोणीतरी येतो, ओळखीचा मेकॅनिक येतो, "एक सेल्फ मारून बघू की साहेब, लागली तर लागली" म्हणतो, आणि तिथंच हजारातलं काम लाखात जातं. कारण दोन आहेत. एक, सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, हवा दाबली जाते पाणी नाही, मग जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. दुसरं, ओल्या सर्किटमध्ये करंट सोडला की तांब्याच्या बारीक रेषा गंजून, विरघळून जातात. बिनकरंटाचा ओला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, वाळवून पुष्कळदा वाचतो, करंट दिलेला ओला ईसीयू क्वचितच वाचतो.

आपल्या सोलापूरची ओळख दुष्काळी जिल्हा अशीच, त्यामुळं कोल्हापूर-सांगलीवाल्यांना पुराची जी सवय आहे ती आपल्याला नाही. पण २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला आलेलं पाणी पंढरपूरकर विसरलेले नाहीत, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं काय केलं तेही कुणी विसरलेलं नाही, तेव्हा पुणे हायवे लांबोटीच्या पुलाजवळ बंद, विजापूर रोड हत्तूरजवळ बंद, माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावंच्या गावं पाण्यात. माणसं, जनावरं, पिकं यांच्यापुढं गाडी म्हणजे शेवटची गोष्ट, ते खरंच आहे. पण ज्याचं पोट गाडीवर आहे, म्हणजे भाड्याची इको, दुधाची पिकअप, त्याला हा निर्णय लवकर आणि नीट घ्यावाच लागतो.

आधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा

खरंच कागदावर लिहा, कारण पुढं मेकॅनिक, विमावाला, नुकसान मोजायला येणारा त्याचा सर्वेअर सगळे हेच विचारणार आहेत आणि तोपर्यंत आपलंच आठवेनासं होतं.

पाणी कुठपर्यंत आलं होतं? किती वेळ होतं? कसलं पाणी होतं? आणि पाण्यात असताना किंवा नंतर कुणी गाडी चालू केली का, किंवा चालू गाडीच पाण्यात बंद पडली का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना विचारून घ्या. पोरानं गुपचूप बटन दाबून बघितलेलं असतं आणि भीतीपोटी सांगत नाही. रागावू नका, पण खरं काढून घ्या, कारण उभी असताना बुडालेली गाडी आणि चालू असताना बंद पडलेली गाडी या दोन वेगळ्या केस आहेत. उभ्या गाडीच्या इंजिनमध्ये पाणी शिरलं तरी रॉड वाकत नाही, कारण काही फिरतच नव्हतं. चालत्या गाडीनं एअर फिल्टरमधून पाणी ओढलं असेल तर रॉड वाकलाय असंच धरून पुढं जायचं, तपासून नाही म्हणेपर्यंत.

कसलं पाणी हे पण महत्त्वाचं. सीनेचं पाणी वरून अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडून येतं, सावकाश चढतं आणि काही ठिकाणी दोन-दोन दिवस हलत नाही, जाताना काळ्या मातीचा गाळ ठेवून जातं. ही काळी माती इतकी बारीक असते की कनेक्टरच्या रबराच्या आतपर्यंत, सीटच्या रेलमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये जाते आणि वाळली की दगड होते. शहरातलं नाल्याचं पाणी, शेळगीकडं वगैरे येतं तसलं, दोन-चार तासात चढतं आणि उतरतं, पण त्यात गटार मिसळलेलं असतं, ते पाणी करंट जास्त वाहून नेतं, गंज लवकर पकडवतं, आणि वास जाता जात नाही. त्यात हात घालताना रबरी हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर बिलकुल हात लावू नका.

पाण्याची रेघ शोधा

बाहेरून गाडीवर गाळाची रेघ दिसते ती शोधणं सोपं, पण पावसानं धुतली गेली असेल तर आत बघायचं. ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, पट्ट्यावर मातीचा डाग जिथं संपतो तिथपर्यंत पाणी होतं. दाराच्या पॅडवर, डिकीच्या मॅटखाली स्टेपनीच्या खड्ड्यात, हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डखाली वाकून वायरिंगवर, सगळीकडं मोबाइलचा टॉर्च मारून बघा. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा, तारीख-वेळ येईल असा, आणि एखादी काठी किंवा टेप शेजारी धरून व्हिडिओ करा. हे सगळं गाडी धुवायच्या आधी. एकदा धुतली की पुरावा गेला.

आता रेघ कुठं आहे त्यावरून पहिला अंदाज.

चाकाच्या निम्म्यापर्यंत, दाराच्या पट्टीच्या खाली पाणी असेल तर निवांत व्हा, गाडी दुरुस्त होतेच. ब्रेक, बेअरिंग, गिअरचं ऑइल, सायलेन्सर, एवढ्यावर भागतं.

खालचं मॅटिंग भिजलं पण सीटच्या गादीला पाणी लागलं नाही, तर इथं बरेच जण फसतात. वरवर बघता काहीच झालेलं दिसत नाही, मॅट उन्हात टाकलं की झालं असं वाटतं. पण एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत कुठं असतो माहितीये का, गिअर लिव्हरच्या खाली, कन्सोलच्या आत, थेट पत्र्यावर बसवलेला. सीटखाली पण पिवळे कनेक्टर असतात, एअरबॅगचे आणि बेल्टचे. म्हणजे घोट्याएवढं पाणी आत आलं तरी जीव वाचवणारी सिस्टीम सगळ्यात आधी बुडते. गाडी दुरुस्त होते, पण सीट, कन्सोल, मॅटिंग सगळं उपसून काढायला लागतं, आणि ते दोन-तीन दिवसांच्या आत.

सीटच्या गादीपासून डॅशबोर्डच्या खालच्या कडेपर्यंत पाणी, हा खरा डोकेदुखीचा पट्टा. ड्रायव्हरच्या पायाजवळचा फ्यूज बॉक्स, बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे लाइट, काचा, लॉक सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, एसीचा ब्लोअर, काही गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर, वायरिंगचे जोड, सगळं याच उंचीत असतं. इथं हो-नाही पटकन सांगता येत नाही, पुढचं सगळं तपासून पैशाचं गणित करायला लागतं.

आणि डॅशबोर्डच्या वर पाणी गेलेलं असेल आणि गाडी गेल्या सात-आठ वर्षांतली असेल, तर माझं स्पष्ट मत, विमा असेल तर टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीचे पूर्ण पैसे, मागा, दुरुस्तीच्या मागं लागू नका. आजच्या गाडीत जिथं बघाल तिथं मॉड्यूल आहे आणि प्रत्येक कनेक्टर वेगवेगळ्या महिन्यात दगा देणार. याउलट जुनी मारुती ८००, मेकॅनिकल पंपाची जुनी डिझेल जीप, ट्रॅक्टर, यांच्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच, त्या टपापर्यंत बुडाल्या तरी उघडून, धुवून, ऑइल बदलून पुन्हा चालतात. गाडी जुनी म्हणून लगेच भंगारात घालू नका.

इंजिन तपासायचं, सेल्फ न मारता

विमा असेल तर इथून पुढची उघडाउघडी सर्वेअर बघून गेल्यावरच. पहिलं एअर फिल्टर उघडा. फिल्टरचा कागद कोरडा, डबा कोरडा असेल तर चांगली खूण. कागद ओला, डब्यात गाळ किंवा पाणी, तर पुढच्या पाइपातून आत गेलं असणार. टर्बो डिझेल असेल तर इंटरकूलरचे पाइप खालून सोडवाच, वरचा फिल्टर वाळलेला असतो आणि इंटरकूलरमध्ये लिटरभर पाणी बसलेलं असतं, सेल्फ मारला की ते थेट सिलेंडरमध्ये. ही एक गोष्ट घाईत विसरली जाते.

मग डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसतंय, किंवा लेव्हल मॅक्सच्या वर गेलीये, तर पाणी मिसळलंय. पण ऑइल काळं आणि स्वच्छ दिसलं म्हणून खूश होऊ नका. गाडी दोन दिवस उभी असेल तर पाणी जड असल्यामुळं चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या डब्याच्या, तळाला जाऊन बसतं आणि डिपस्टिकला वरचं शुद्ध ऑइलच लागतं. म्हणून चेंबरचा नट अगदी सावकाश, अर्धा-अर्धा आटा ढिला करा आणि खाली पारदर्शक बाटली धरा. पाणी असेल तर आधी पाणीच टपकणार. काहीही निघो, सगळं ऑइल आणि फिल्टर काढून टाका, पुरात बुडालेल्या इंजिनमध्ये जुनं ऑइल ठेवायचं नाही.

आता मुख्य काम. पेट्रोल असेल तर सगळे स्पार्क प्लग काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर. प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक नको, चाकाला दगड लावा. क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टला लांब रॅचेट लावून इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं हातानं सावकाश फिरवा. पूर्ण दोन फेरे, कारण दोन फेऱ्यात सगळ्या सिलेंडरचं एक चक्र पूर्ण होतं. मऊ फिरलं तर फार चांगलं. कुठं अडलं तर जोर लावू नका, पाइप घालून तर मुळीच नको, तिथंच थांबा आणि हेड उतरवायची तयारी ठेवा.

हातानं फिरलं तर मग पहिल्यांदा बॅटरी जोडायचा विचार, तोसुद्धा इलेक्ट्रॉनिक्सची सफाई झाल्यावर, खाली लिहिलंय ते आधी करून. फ्यूल पंपाचा आणि इंजेक्शनचा फ्यूज काढा, प्लग बाहेरच ठेवा, आणि पाच-पाच सेकंद सेल्फ द्या. सिलेंडरमधलं पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं, तोंड त्या बाजूला ठेवू नका.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडर हवा किती दाबतो ते मोजणं. गेज बऱ्याच चांगल्या मेकॅनिककडं असतो, नसेल तर आणायला लावा, या टेस्टशिवाय इंजिन पास म्हणू नका. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय, डिझेलला ३५० च्या वर, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. आकड्यापेक्षा पण महत्त्वाचं म्हणजे सिलेंडर-सिलेंडरमधला फरक. तीन सिलेंडर सारखे आणि एक त्यांच्यापेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलेंडरचा रॉड वाकल्याचा दाट संशय, कारण वाकलेला रॉड आखूड होतो आणि पिस्टन वरपर्यंत पोचत नाही. कॅमेऱ्याची नळी घालून बघता आली तर सिलेंडरच्या भिंतीवर कार्बनची जुनी रेघ आणि नवी रेघ वेगळ्या उंचीवर दिसते.

यावर एवढं लांबण लावतोय कारण थोडा वाकलेला रॉड असला तरी इंजिन चालू होतं, चालतं पण, जरासा आवाज आणि व्हायब्रेशन, मालक म्हणतो चला वाचलो, आणि चार-सहा महिन्यांनी तुळजापूरच्या घाटात किंवा पुणे हायवेला तो रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा ना विमा देतो, ना मेकॅनिक जबाबदारी घेतो. म्हणून "चालू झाली" हा पुरावा धरायचाच नाही.

टाकीचं पण बघा. पाणी पेट्रोल-डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. आताच्या ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली वेगळा थर होतो, त्यामुळं टाकीत पाणी गेलंय असा संशय असेल तर पूर्ण टाकी उपसणं एवढाच उपाय. कॉमन रेल डिझेलला तर पाण्याचा एक फेरा इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप दोन्ही खाऊन टाकतो, आणि ते इंजिनइतकेच महाग. सीएनजी असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा आणि किट अधिकृत सेंटरला तपासल्याशिवाय गॅसवर चालवू नका.

गिअर, क्लच, ब्रेक

मॅन्युअल गिअरबॉक्सला वर एक छोटं ब्रीदर, म्हणजे हवेचं भोक, असतं, तिथून पाणी जातं. ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर दोनदा बदला, बहुतेक वेळा वाचतो. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकावर चालणाऱ्या गाड्यांचा मागचा डिफरेन्शियल विसरू नका, त्यालाही ब्रीदर आहे. ऑटोमॅटिकमध्ये, सीव्हीटीमध्ये पाणी गेलं असेल तर आतल्या क्लच प्लेटचं मटेरियल खराब होतं, नुसतं ऑइल बदलून भागेल असं धरू नका. एएमटी म्हणजे मॅन्युअल बॉक्सच असतो पण त्याच्यावरचा गिअर टाकणारा ॲक्च्युएटर आणि कंट्रोलर महाग.

क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, ड्रम गंजून जाम होतात, म्हणून बुडालेली गाडी हँडब्रेक लावून ठेवू नका. चारही चाकं काढून ड्रम-डिस्क धुवा, ब्रेक ऑइल बदला, बेअरिंगचा ग्रीस बदला. सेल्फ मोटर आणि डायनॅमो नवीन घ्यायची घाई करू नका, ऑटो इलेक्ट्रिशियन ते उघडून, धुवून, गरज पडली तर रिवाइंड करून देतात आणि ते पैसे नव्याच्या मानानं कमीच असतात.

आतलं सगळं उपसा

सीट काढा, कन्सोल काढा, मॅटिंग मुळापासून उचला. मॅटिंगच्या खाली जाड फेल्ट असतो, तो वरून वाळलेला वाटतो आणि आत महिनाभर ओला राहतो, तिथूनच पत्रा गंजतो आणि तिथूनच तो घाण वास. ऑक्टोबरचं आपलं ऊन चांगलं कडक असतं, त्याचा फायदा घ्या, पण फेल्ट गाडीत ठेवून नाही, बाहेर काढून. पत्र्यावर खाली रबरी बूच असतात ते काढा म्हणजे पाणी वाहून जातं. गाळ ओला असतानाच साध्या नळाच्या पाण्यानं, कमी प्रेशरनं धुवून काढा. पुरातून आलेल्या गाडीला परत पाणी लावायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण स्वच्छ पाणी गाळापेक्षा शंभरपटीनं बरं. प्रेशर वॉशर मात्र कनेक्टरवर मारू नका. नंतर पुसायला घरातले जुने टर्किश टॉवेल घ्या, सोलापुरात त्याला तोटा नाही.

पिवळ्या कनेक्टरना हात लावायच्या आधी बॅटरी सोडून किमान दहा मिनिटं झालेली असू द्या, एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज शिल्लक राहतो. कंट्रोलरला पाणी लागलंय हे दिसलं तर तो बदलायचाच, वाळवून लावू नका. बाकी सगळ्यात मी जुगाडाला हरकत घेणार नाही, एअरबॅगमध्ये घेतो.

बाकीचे मॉड्यूल, ईसीयू, फ्यूज बॉक्स, एकेक काढा, कुठला कुठं होता त्याचा फोटो घ्या. कनेक्टर उघडून हिरवी-निळी बुरशी दिसते का बघा, ती तांब्याची गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मारा, ब्रशनं साफ करा. बोर्ड उघडता येत असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुवून एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या, हीट गन किंवा ओव्हन नको. वायरच्या आत पाणी बारीक नळीतून चढतं तसं वर चढतं, त्यामुळं कनेक्टरच्या मागं दोन इंचावर वायर सोलून बघा, तांबं काळं पडलं असेल तर तो हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, फार दिवसांचा सोबती नाही.

हे सगळं वाळल्यावर बॅटरी जोडा, फक्त इग्निशन ऑन करा आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. यू नं सुरू होणारे कोड म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलत नाहीत, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅगकडचे. कोड नोंदवा, पुसा, पुन्हा बघा. जे परत-परत येतात तेवढेच मोजायचे. पाच-सहा मॉड्यूल गप्प असतील तर गाडीच्या बाजूनं माझं मत फारसं राहत नाही.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीला यातलं काहीही स्वतः करू नका. केशरी वायर दिसली की लांब. बॅटरी पॅकवर आयपी६७ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, दोन दिवस सीनेत नाही. पाणी आत गेलेला पॅक काही दिवसांनीसुद्धा पेटू शकतो, त्यामुळं गाडी घराच्या, गोठ्याच्या, कडब्याच्या गंजीच्या जवळ उभी करू नका, कमीत कमी पंधरा मीटर मोकळी जागा ठेवा आणि फ्लॅटबेडवर कंपनीच्या वर्कशॉपला पाठवा.

आता पैशाचं गणित

आधी पॉलिसी काढा. नुसती थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही, ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असेल तर मिळतं. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं कव्हर, आहे का बघा, ते नसेल तर पाणी ओढून वाकलेला रॉड साध्या पॉलिसीत बहुधा नाकारला जातो. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, नसेल तर रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या पार्टवर आणि बॅटरीवर ५० टक्के कापतात, आणि पुराच्या गाडीत तेच पार्ट जास्त जातात. रिटर्न टू इन्व्हॉइस असेल तर तुम्ही नशीबवान, टोटल लॉसला बिलाची किंमत मिळते.

कंपनीला लगेच कळवा, क्लेम नंबर घ्या. सर्वेअर येण्याआधी पार्ट उघडू नका, पण बॅटरी सोडणं, पाणी उपसणं, दारं उघडी ठेवणं हे करायलाच पाहिजे, नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीनुसार तुमची जबाबदारी आहे. तलाठ्याचा पंचनामा घर, पीक, जनावरांसाठी, गाडीचा क्लेम सर्वेअरच्या रिपोर्टवर चालतो, त्यामुळं पंचनाम्याची वाट बघत बसू नका.

टोटल लॉसचा नियम असा, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस. समजा आयडीव्ही ४ लाख आहे, तर ३ लाखाच्या वर एस्टिमेट गेलं पाहिजे. आणि इथं जागरूक राहा. पहिलं एस्टिमेट २ लाख ६० हजाराचं निघतं, दुरुस्ती मंजूर होते, मग गाडी उघडल्यावर एकेक मॉड्यूल सापडायला लागतं. म्हणून पहिलं एस्टिमेट गाडी पूर्ण उघडून, स्कॅन करून, वायरिंगसकट लिहून द्या असा आग्रह धरा, आणि "नंतर सापडलेलं नुकसान पुरवणी एस्टिमेटमध्ये" हे सर्वेअरकडून मेलवर घ्या. क्लेम नाकारला आणि पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल, सोलापूरसाठी ते पुण्याला बसतात.

विमाच नसेल तर माझा हिशोब सोपा आहे. गाडीची पुराआधीची बाजारभावाची किंमत काढा, त्यातून भंगारवाला आज आहे त्या अवस्थेत किती देतो ते वजा करा. जे उरतं त्याच्या निम्म्यात दुरुस्ती बसत असेल तर करा. निम्म्याच्या वर जात असेल तर थांबा, कारण पुराच्या गाडीत एस्टिमेट वाढतंच, आणि दुरुस्त झाल्यावरही विकताना भाव पडतोच. समजा गाडी ३ लाखाची, भंगार ६० हजार, उरले २ लाख ४० हजार, म्हणजे १ लाख २० हजारपर्यंत हात घाला. फक्त भाड्याची गाडी असेल आणि दुसरी मिळेपर्यंत धंदा बंद पडणार असेल तर मी ही रेघ थोडी वर सरकवेन, रोजचा बुडणारा गल्ला पण खर्चच आहे.

सोडून द्यायचं ठरलं तर आरसी रद्द करून घ्या, एमएच १३ असेल तर सोलापूर आरटीओला, ४५ असेल तर अकलूजला. कोणी जास्त पैसे देतो म्हणून आरसीसकट तशीच गाडी देऊ नका, त्या नंबरवर उद्या दुसरीच गाडी फिरली तर पोलीस तुमच्या दारात येणार. आणि विकायचीच असेल तर पुरातली आहे हे घेणाऱ्याला सांगून, लिहून द्या. त्याच्या घरची माणसं त्या एअरबॅगच्या भरवशावर बसणार आहेत.

दुरुस्त केली तर पुढचे तीन महिने

पहिलं ऑइल स्वस्तातलं घालून पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून काढून टाका, परत तसंच, मग चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर. हजार किलोमीटरला परत बदला आणि तेव्हा कॉम्प्रेशन पुन्हा मोजून आधीच्या आकड्याशी ताडून बघा. महिनाभर लांबच्या प्रवासाला काढू नका, रोज थोडी चालवा, गावातल्या गावात. दर आठवड्याला फ्यूज बॉक्स आणि ड्रायव्हरच्या पायाजवळचे कनेक्टर उघडून हिरवं धरतंय का बघा, चाकातून घूं असा आवाज आला तर बेअरिंग, स्टिअरिंग मध्येच जड झालं तर लगेच स्कॅन. एअरबॅगचा दिवा इग्निशन ऑन केल्यावर लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढून ठेवलाय असं समजा आणि गाडी परत न्या. बिल घेताना बदललेल्या प्रत्येक मॉड्यूलचा सीरियल नंबर आणि कामाची वॉरंटी त्याच बिलावर लिहून, सही-शिक्का मारून घ्या, आणि जुने काढलेले पार्ट डिकीत टाकून घरी आणा.